दर आठवड्याची सलाईन आणि कराडची जमीन: आनुवंशिक प्रथिन-कमतरतेचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण ४१ वर्षांचे. राहायला चिंचवडला, भोसरी एमआयडीसीत भागीदारीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप, मूळ गाव कराड तालुक्यात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना दादा म्हणू, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला, घरातली मुलं म्हणतात तसं, आत्या.

दादांना सहा-सात वर्षं ‘दमा’ होता. म्हणजे कागदावर तसं लिहिलेलं होतं. इनहेलर त्रास झाला की घ्यायचा, नाहीतर कपाटात. दर रविवारी सिंहगड पायी चढणारा माणूस आधी अर्ध्यात थांबू लागला, मग मित्रांबरोबर गाडीने वर जाऊन पिठलं-भाकरी खाऊन परत येऊ लागला. पंचविशीत चार-पाच वर्षं सिगारेट ओढली होती, लग्नानंतर सोडली. लहानपण चुलीच्या धुरात गेलेलं, पुढची वीस वर्षं ग्राइंडर आणि वेल्डिंगच्या धुरात. छातीच्या बाह्यरुग्ण विभागात आले तेव्हा तक्रार एका वाक्यात सांगितली: “श्वास आत जातो हो डॉक्टर, बाहेर यायला मागत नाही.”

घरचा इतिहास विचारताना दोन गोष्टी कळल्या. वडील ५२ व्या वर्षी यकृताच्या सिरोसिसने गेले. ते माळकरी होते, दारूला कधी शिवले नाहीत, तरी गावात “चोरून घेत असणार” ही चर्चा त्यांच्या मागे राहिलीच. दुसरी गोष्ट, आई ही वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी. आपल्याकडे ही सोयरीक इतकी रुळलेली आहे की कुणी आपणहून सांगत नाही, विचारावं लागतं.

अडचण

स्पायरोमेट्रीत एफईव्ही-१, म्हणजे जोराने फुंकल्यावर पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, १.५५ लिटर आली; वय-उंचीच्या अपेक्षेच्या ४८ टक्के. औषधाची वाफ देऊन पुन्हा मोजलं तरी फारसा फरक नाही. दमा असता तर आकडा बऱ्यापैकी वर यायला हवा होता. ऑक्सिजन रक्तात झिरपण्याची क्षमता सांगणारा डीएलसीओही कमी. सीटी स्कॅनमध्ये एम्फिसीमा दिसला, म्हणजे वायुकोशांच्या भिंती झिजून पोकळ्या झालेल्या. विडी-सिगारेटचा एम्फिसीमा बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात जास्त असतो. दादांचा खालच्या भागात होता.

चाळिशीत इतकी झीज, तीही तळाशी, आणि वडिलांना दारूविना सिरोसिस. रक्तातलं अल्फा-१ अँटीट्रिप्सिन (पुढे एएटी) मोजायला सांगितलं. ते २८ मिलिग्रॅम आलं. सर्वसाधारणपणे दर डेसिलिटरला ९० ते २०० असतं. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की हे प्रथिन वाढतं आणि कमतरता झाकली जाते, म्हणून अंगातली सूज दाखवणारी सीआरपी ही रक्ततपासणी सोबतच केली होती. ती नॉर्मल होती.

एएटी यकृतात तयार होतं आणि रक्तावाटे फुप्फुसात पोचतं. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात. ते जंतूंबरोबर फुप्फुसाचे लवचिक धागेही तोडतं. त्याला वेळेवर आवर घालणं हे एएटीचं काम. स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ मध्ये ही कमतरता प्रथम ओळखली, ती रक्तातल्या प्रथिनांच्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये, म्हणजे विजेच्या प्रवाहाने प्रथिनं वेगवेगळ्या पट्ट्यांत विभागणाऱ्या तपासणीत, अल्फा-१ चा पट्टा गायब दिसल्यामुळे. दादांच्या फायलीत हाच पट्टा दोन वर्षं पडून होता. पाठदुखी आणि अशक्तपणासाठी कुठेतरी केलेल्या तपासणीत अल्फा-१ कमी असल्याचं छापलेलं होतं. तपासणी ज्या आजारासाठी सांगितली होती तो नव्हता, म्हणून कागद मागे गेला.

निदान उशिरा होण्याचं खरं कारण मला वेगळं वाटतं. कारण आधीच हाताशी होतं. भारतात सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद होण्याचा दीर्घकाळचा आजार, होतो. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘द लान्सेट’मधल्या लेखात चुलीचा धूर, धूळ आणि कामाच्या ठिकाणची हवा यांवर बोट ठेवलं होतं, आणि ते योग्यच होतं. पण धूर सापडला की शोध थांबतो. प्रत्येक सीओपीडी रुग्णाचं एएटी आयुष्यात एकदा तरी तपासावं, ही जागतिक आरोग्य संघटनेची जुनी शिफारस आपल्या ओपीडीत क्वचितच पाळली जाते.

पहिला निर्णय: ‘आढळले नाही’वर थांबायचं का?

जनुक तपासणीचा पहिला रिपोर्ट आला: “एस व झेड बदल आढळले नाहीत.” घरच्यांना हायसं वाटलं. दादांचे भागीदार म्हणाले, “म्हणजे आनुवंशिक नाही, सुटलो!”

इथे थांबलो असतो तर प्रकरण चुकलं असतं. ते किट युरोपात सर्रास आढळणारे दोनच बदल शोधतं. झेड बदल भारतात विरळा. आपल्याकडे कमतरता सापडली तर दुसऱ्या दुर्मीळ बदलांची शक्यता धरावी लागते. शिवाय २८ हा आकडा काही खोटा नव्हता. म्हणून सर्पिना-१ हे पूर्ण जनुक वाचून घेतलं. दोन्ही प्रतींत, आईकडून आलेल्या आणि वडिलांकडून आलेल्या, एम-माल्टन नावाचा बदल निघाला. त्यात प्रथिनातलं एक अमिनो आम्ल गळतं, घडी चुकते आणि प्रथिन यकृताच्या पेशीतच गोळा होऊन बसतं. रक्तात कमी, यकृतात साठा. सार्डिनिया बेटावर हा बदल जास्त दिसतो. प्रथिनाचा प्रकार पाहण्याच्या जुन्या पद्धतीत तो नॉर्मल ‘एम’सारखाच भासू शकतो.

आईची पातळी अर्धवट कमी आली, म्हणजे एक प्रत सदोष. वडिलांचं आता तपासता येणार नाही, पण त्यांच्या यकृतातही हेच साचलं असावं, असा दाट संशय आहे. हे सांगितल्यावर आई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग एवढंच म्हणाल्या, “गावात सांगा म्हणावं कुणीतरी.”

समोरचे पर्याय

निदान झाल्यावर घरचा पहिला प्रश्न होता: “औषध आहे ना?” आहे. दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळं काढलेलं एएटी दर आठवड्याला शिरेतून द्यायचं, वजनाच्या दर किलोला ६० मिलिग्रॅम. अमेरिकेत त्याला १९८७ पासून मान्यता आहे. पण ते काय करतं आणि काय करत नाही, हे पैशाच्या आधी बोलायला हवं होतं.

ते झिजलेलं परत आणत नाही. उद्दिष्ट आहे पुढची झीज मंदावणं. त्याचा सर्वांत भक्कम पुरावा २०१५ मध्ये ‘लान्सेट’मध्ये आलेल्या ‘रॅपिड’ चाचणीचा: १८० रुग्ण, दोन वर्षं, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नकली द्रव. पूर्ण श्वास घेतलेल्या स्थितीतल्या सीटीवर फुप्फुसाची घनता औषधाच्या गटात वर्षाला १.४५ ग्रॅम प्रति लिटरने घटली, दुसऱ्या गटात २.१९ ने. एफईव्ही-१ मध्ये मात्र फरक दिसला नाही. दम कमी लागेल असं वचन या आकड्यांवरून देता येत नाही. पुढच्या दोन वर्षांत नकली द्रववाल्यांनाही औषध दिलं. त्यांची झीज मंदावली, पण आधी गमावलेलं भरून निघालं नाही. याच पुराव्यावर काही देश औषधाचा खर्च उचलतात, काही उचलत नाहीत.

हिशेब असा मांडला. वजन ५८ किलो, म्हणजे आठवड्याला साडेतीन ग्रॅम. बाटली एक ग्रॅमची, म्हणजे चार बाटल्या. वर्षाला दोनशेच्या वर. अमेरिकेत वर्षाचा खर्च एक लाख डॉलरच्या आसपास जातो. आयातीसाठी दादांना मिळालेला दर त्याहून बराच कमी होता, तरी वर्षाला अर्ध्या कोटीच्या पुढे. मेडिक्लेम पाच लाखांचा. दुर्मीळ आजारांच्या राष्ट्रीय धोरणातून मदत मिळते का हे पाहिलं, मिळाली नाही.

इतर सूचना घरातून आल्या. “रक्तातलं प्रथिन आहे ना, मग प्लाझ्माच्या पिशव्या चढवा.” नातेवाइकांपैकी कुणीतरी हे ठामपणे सांगितलं होतं. वरवर पटण्याजोगं आहे. पण निरोगी प्लाझ्मात लिटरला सव्वा-दीड ग्रॅमच एएटी असतं. साडेतीन ग्रॅमसाठी आठवड्याला अडीच लिटरच्या आसपास प्लाझ्मा लागेल, दहा-बारा पिशव्या, दर आठवड्याला, कायम. हृदयावर ताण आणि रिअ‍ॅक्शनचा धोका वेगळाच. मग भाच्याने वॉट्सॲपवर जनुक-दुरुस्तीची बातमी पाठवली. बातमी खरी होती; २०२५ मध्ये त्या प्रयोगाचे पहिले निकाल आले. पण ती दुरुस्ती झेड बदलाच्या एका अक्षराची आहे, एम-माल्टनला तिचा उपयोग नाही. जनुक नेमकं वाचून घेतल्याचा इथे फायदा झाला: खोटी आशा पाच मिनिटांत संपली. फुप्फुस प्रत्यारोपण नंतरच्या टप्प्यासाठी नोंदवून ठेवलं.

दुसरा निर्णय: जमीन विकायची का?

कराडजवळ तीन एकर बागायत. वडिलांच्या पश्चात आई, दादा आणि आत्या असे तीन वारस. दादांच्या पत्नीने सरळ विचारलं, “विकली तर किती दिवस पुरेल?” तिन्ही हिस्से मिळून चार-साडेचार वर्षं, एकट्या दादांचा धरला तर दीड. आई म्हणाल्या, “जमीन काय छातीला बांधून न्यायचीय?” आत्याचं म्हणणं, “माझा हिस्सा घे दादा, मला काय करायचाय.”

तोवर आत्याची तपासणी झालेली नव्हती. सख्ख्या भावंडाला हाच दोष असण्याची शक्यता मोठी, हे आम्ही पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. पण घराचं सगळं लक्ष औषधाकडे. म्हणून अट घातली: आत्याचं रक्त तपासल्याशिवाय जमिनीचा विषय नाही.

आत्याचं एएटी ३१ आलं. दोन्ही प्रती सदोष.

वय ३८. एफईव्ही-१ ९१ टक्के, डीएलसीओ किंचित कमी, सीटीत तळाशी अगदी सुरुवातीची झीज. तक्रार काहीच नाही. आणि हडपसरला नवऱ्याबरोबर पिठाची गिरणी! दिवसाचे आठ-नऊ तास पिठाच्या धुरळ्यात, तोंडाला ओढणी. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोलाचा रिपोर्ट हाच. दादांचं निम्मं फुप्फुस गेलं होतं, आत्याचं जवळजवळ सगळं शिल्लक होतं, आणि ते राखायला पहिल्या टप्प्यात परदेशातून काही मागवायचं नव्हतं.

जमिनीचा प्रश्नही बदलला. आत्याचा हिस्सा आता तिच्याच औषधासाठी लागू शकत होता. दादांनी स्वतःच तो विषय मिटवला: “तिच्या वाट्याला हात लावायचा नाही.”

काय केलं

पहिल्या वर्षी सलाईन सुरू केली नाही. हा निर्णय घरात सगळ्यांना पटला नव्हता, पण झीज किती वेगाने होते हे माहीत नसताना दीड वर्षाचं औषध संपवण्यात अर्थ नव्हता. दादांनी ग्राइंडिंग सोडलं; भागीदाराने शॉपफ्लोअर घेतला, दादांनी कोटेशन आणि बिलं. दोन घटकांचा इनहेलर रोज, तोही बरोबर ओढायला शिकून. फ्लू, न्यूमोकोकल, हिपॅटायटिस ए आणि बी च्या लसी. फुप्फुसांचे व्यायाम, सहा मिनिटांत चालण्याचं अंतर ४१० मीटरवरून ४५५ वर गेलं. यकृताची लवचिकता मोजली, ती ठीक होती. दारू पूर्ण बंद. दर तीन-चार महिन्यांनी एकाच मशीनवर स्पायरोमेट्री.

वर्षाअखेर एफईव्ही-१ १.५१. चाळीस मिलिलिटरची घट, घाबरण्यासारखी नाही. मग दुसऱ्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला. बरे होऊन तीन महिने उलटल्यावरही आकडा १.३६ वरच. सीटीवरची घनताही उतरलेली. संसर्गात पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने येतात, इलास्टेज सुटतं आणि आवर घालायला कुणी नसतं. एका आजारपणाची किंमत अशी मोठी पडते.

तेव्हा दादांचा हिस्सा विकून औषध सुरू करायचं ठरलं. पण पहिली बाटली मागवण्याआधी शेवटची कधी, हे कागदावर लिहिलं. हिश्श्याची रक्कम संपली की थांबायचं, कर्ज काढायचं नाही. वर्षाने सीटीवरची झीज पूर्वीच्याच वेगाने दिसली तर पैसे शिल्लक असले तरी थांबायचं. दादा, वहिनी, आत्या आणि आम्ही, सगळ्यांच्या सह्या. कायद्याने त्याला किंमत शून्य, पण पुढे उपयोग झाला.

आयातीसाठी औषध नियम १९४५ मधल्या नियम ३६ ची वाट आहे: स्वतःच्या वापरासाठी फॉर्म १२-ए मध्ये अर्ज, १२-बी मध्ये परवाना, सोबत डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन, एका वेळी शंभर सरासरी डोसांच्या आत. आयजीए हे प्रतिपिंड पुरेसं आहे ना, तेही आधी तपासलं. त्याचा अभाव आणि त्याविरुद्धची प्रतिपिंडं असतील तर जीवघेणी ॲलर्जी होऊ शकते.

सलाईन डे-केअरमध्ये, दर शनिवारी. दोन प्रश्न वारंवार आले. चौथ्या बाटलीतलं अर्धं उरतं, ते पुढच्या शनिवारी चालेल का? नाही, त्यात टिकवणारं द्रव्य नसतं, उघडलेली बाटली काही तासांतच संपवावी लागते. मग पंधरा दिवसांनी एकदम दुप्पट दिलं तर? रक्तातलं हे प्रथिन चार-पाच दिवसांत निम्मं होतं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पातळी संरक्षक मर्यादेखाली जाण्याची भीती. ती मर्यादा साधारण ५७ मिलिग्रॅम धरतात. दादांची पातळी पुढच्या डोसाआधी मोजली तेव्हा ७१ होती.

मध्ये पाच आठवडे खंड पडला. परवान्यावर आणि बिलावर नावाचा क्रम वेगळा: एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर शेवटी. तेवढ्यावर माल अडकला.

परिणाम

दीड वर्षाने एफईव्ही-१ १.३०. वर्षाला चाळीसच्या आसपासच घट, म्हणजे न्यूमोनियाआधी औषध नसताना होती तितकीच. सीटीवरची घनता त्याआधीच्या वर्षापेक्षा कमी वेगाने घटली. पण त्या आधीच्या वर्षात न्यूमोनिया होता, त्यामुळे तुलना लंगडी आहे. या काळात एकदाही रुग्णालयात भरती व्हावं लागलं नाही. ते औषधाने, लसींनी, की वर्कशॉपमधून बाहेर पडल्याने, हे एका माणसावरून कुणी सांगू शकत नाही. दादांना विचारलं तर म्हणतात, “दम तेवढाच आहे, भीती कमी झाली.”

रक्कम संपली आणि ठरल्याप्रमाणे सलाईन थांबली. त्या आठवड्यात घरात पुन्हा कर्जाची भाषा झाली. वहिनींनी सह्यांचा कागद काढून दाखवला.

आत्याने गिरणीत उभं राहणं बंद केलं. नवऱ्याने एक गडी ठेवला. आत्या शेजारच्या गाळ्यात पापड-मसाल्याची विक्री बघते, दळप होत नाही तिथे. दादांच्या दोन्ही मुलांमध्ये एकेक प्रत सदोष आहे. त्यांना औषधाची गरज नाही, सिगारेटपासून लांब राहण्याची आहे. थोरला चौदाचा, हे त्याला आत्ताच सांगायचं ठरलं, आणि ते वडिलांनीच सांगितलं.

वेगळं काय करता येईल

असं प्रकरण पुन्हा आलं तर क्रम बदलावा असं वाटतं. एएटी कमी आलं त्याच दिवशी भावंडांचं रक्त घ्यावं. जमिनीच्या चर्चेत गेलेले महिने आत्या गिरणीतच होती. जनुक तपासणी पहिल्यांदाच पूर्ण वाचनाची मागावी; दोन बदलांचं किट इथे पैसे आणि वेळ दोन्ही खातं. आयातीच्या कागदांवर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर एकच ठेवावं.

एका मुद्द्यावर आमच्या गटात अजून एकमत नाही. पहिल्या वर्षी थांबलो नसतो तर न्यूमोनियाच्या वेळी दादांच्या रक्तात पुरेसं एएटी असतं. मी थांबण्याच्या बाजूने होतो आणि अजूनही आहे, कारण दीड वर्षाचा साठा कधीतरी संपणारच होता, आणि न्यूमोनिया कोणत्या हिवाळ्यात येईल हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सहकारी म्हणतात, गमावलेलं परत येत नसेल तर फुप्फुस जास्त शिल्लक असतानाच द्यावं. हाच वाद आता आत्याच्या बाबतीत उभा आहे. तिचा एफईव्ही-१ ८९ टक्के आहे. मार्गदर्शक सूचना साधारण ६५ च्या खाली आल्यावर सुरू करा म्हणतात. तूर्त ठरलं आहे ते असं: दर सहा महिन्यांनी डीएलसीओ, दोन वर्षांनी कमी मात्रेचा सीटी, आणि दोन्हींत घट दिसली तर ६५ ची वाट न पाहता तिच्या हिश्श्याचा विषय काढायचा.